पावसाळ्याची बेगमी खिडकीपासून

मे महिना संपत आला की आपल्याकडे बेगमीची घाई असते. कुरडया, पापड, सांडगे डब्यात जातात. तिखट-हळद कुटून होते, धान्याला ऊन दाखवून होतं, माळ्यावरून छत्र्या खाली येतात. जरा जागरूक घर असेल तर गच्चीची गळतीही तपासली जाते. राहते ती खिडकी. मग मृगाचा पहिला जोरदार पाऊस वाऱ्यासकट येतो आणि खिडकीखाली पोतेरं, जुना टॉवेल, वर्तमानपत्रं टाकायची पळापळ सुरू होते. चार महिने ते पोतेरं तिथेच असतं, पिळायचं आणि पुन्हा टाकायचं.

एवढंच असतं तर चालवून घेतलंही असतं. पण त्या पोतेऱ्याच्या वर भिंतीला पोपडे येतात, कपाटामागे काळे ठिपके उठतात, आतल्या साड्यांना कुबट वास येतो. आणि रात्री त्याच खोलीत झोपणाऱ्या मुलाचा खोकला थांबत नाही. डॉक्टर औषध देतात, खोकला आठवडाभर जातो आणि परत येतो. औषध पोटात जातं, ओल मात्र भिंतीतच असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दमा बळावण्याचा धोका जास्त असतो, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा मैत्रिणींनो, खिडकीचा विषय घराच्या शोभेइतकाच घरातल्यांच्या छातीचाही आहे.

‘गंजत नाही’ हे अर्धं खरं

पूर्वी लाकडी खिडक्या होत्या. पावसात फुगायच्या, लागायच्या नाहीत, वाळवी धरायच्या. कोकणात तर पावसाच्या तोंडावर विणलेल्या झावळ्यांची झापं बांधून भिंती-खिडक्या झाकत. आता तालुक्याच्या गावातही नवं घर म्हटलं की सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्याच. बसवताना कारागीर सांगतो, “वहिनी, काही बघायला नको. गंज नाही, रंग नाही.”

लोखंडासारखा तांबडा गंज अ‍ॅल्युमिनियमला लागत नाही, हे खरं. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि तोच त्याला जपतो. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे हाच थर विजेच्या साहाय्यानं मुद्दाम जाड करणं. पावडर कोटिंग म्हणजे भुकटीचा रंग भट्टीत भाजून पक्का करणं. पण या थराचे तीन वैरी आहेत.

पहिला वैरी खारी हवा. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, गोव्याच्या किनाऱ्यावर खिडकीच्या कोपऱ्यात पांढरी भुकटी जमलेली दिसते आणि ती पुसली की खाली बारीक खड्डे असतात. ते काम समुद्राच्या मिठाचं. दुसरा वैरी सिमेंट आणि चुना. गिलावा करताना उडालेला ओला थेंब तसाच राहिला तर कायमचा डाग पडतो, कारण असला क्षार हा थर खातो. म्हणून घराचं काम चालू असताना चौकटीला चिकटपट्टी लावून ठेवायची, आणि काम संपलं की लगेच काढायची. उन्हात महिनोन्‌महिने राहिलेली पट्टी मग निघता निघत नाही. तिसरा वैरी साधा लोखंडी स्क्रू. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आले की स्क्रूच्या भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच मागायचे. स्क्रूचा खर्च अख्ख्या खिडकीच्या मानानं किरकोळ असतो.

आधी चोर पकडा

खिडकीखालची भिंत ओली झाली की सगळे खिडकीला दोष देतात. पण पाणी चार वाटांनी येऊ शकतं. एक, सरकत्या झडपांच्या खालच्या रुळातून, म्हणजे ट्रॅकमधून. दोन, चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून. तीन, वरून, म्हणजे छज्जा किंवा बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून. आणि चार, कुठूनच नाही! ते घरातल्याच वाफेचं पाणी असतं. चोर न पकडता पैसे खर्च केले की ते पाण्यातच जातात.

यासाठी पाऊस नसलेला कोरडा दिवस निवडा. तांब्याभर पाणी हळूहळू खालच्या ट्रॅकमध्ये ओता. ते बाहेरच्या बाजूनं निघून जायला हवं. आत आलं किंवा तिथेच साचून राहिलं, तर ट्रॅकचा निचरा बिघडलाय. तो ठीक असेल तर एकानं बाहेरून बागेच्या नळीनं पाणी मारायचं आणि एकानं आत बॅटरी घेऊन उभं राहायचं. सुरुवात खालून करायची. आधी खिडकीच्या खालची कड, मग बाजू, मग वरची कड आणि शेवटी छज्जा. प्रत्येक ठिकाणी दहा-एक मिनिटं पाणी मारायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. वरच्या मजल्यावर बाहेरून उभं राहायला सुरक्षित जागा नसेल तर हा प्रयोग आपण करायचाच नाही, माणूस बोलवायचा.

ओल भिंतीतून येतेय की हवेतली आहे, हे ओळखायला स्वयंपाकघरातला फॉइलचा कागद पुरे. वीतभर तुकडा ओलसर भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ती घरातल्या हवेतली वाफ आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. ओल्या भिंतीवर विजेचा बोर्ड असेल तर प्रयोग वगैरे नंतर. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओल्या भिंतीचा ‘झिणझिण्या येतात’ इतका छोटा धक्काही अंगावर काढायचा नाही.

ती बारीक भोकं बुजवू नका

सरकत्या खिडकीची रचना पाणी पूर्ण अडवायची नसतेच. झडप सरकायची तर थोडी फट राहणारच. म्हणून वाऱ्याबरोबर थोडं पाणी ट्रॅकमध्ये येणार हे धरलेलं असतं, आणि ते बाहेर जावं म्हणून चौकटीच्या बाहेरच्या अंगाला खाली छोटी भोकं किंवा खाचा ठेवलेल्या असतात. सगळी खिडकी या भोकांच्या भरवशावर असते. पण वर्षभराची धूळ, मेलेले किडे, केस, रांगोळीची पूड यांचा चिखल होतो आणि भोकं बुजतात. मग ट्रॅक म्हणजे पन्हळ होतो. भरला की पाणी आत.

त्याहून वाईट म्हणजे आपणच ती बुजवतो. “इथून पाणी येतंय, इथे सिलिकॉन मारा,” असं आपण सांगतो आणि कारागीरही मारून मोकळा होतो. बाहेर जायची वाट बंद झाल्यावर पाणी आत येणार, नाहीतर जाणार कुठे?

तेव्हा पावसाआधी एकदा खिडकी व्यवस्थित साफ करायची. आधी सुक्या ट्रॅकमधली धूळ जुन्या रंगाच्या ब्रशनं सैल करून व्हॅक्यूम क्लीनरनं किंवा सुक्या फडक्यानं उचलायची. आधीच पाणी ओतलं तर चिखल भोकांत जाऊन बसतो. मग जुन्या टूथब्रशनं कोपरे घासायचे. भोकांतून झाडूची काडी घालून बघायची. लोखंडी तार नको, ओरखडे पडतात. शेवटी तांब्याभर पाणी ओतून निचरा तपासायचा. ज्या खिडक्यांना मुळात भोकंच पाडलेली नाहीत (स्वस्तातल्या कामात असं सर्रास होतं), त्यांना कारागीर बोलावून बाहेरच्या अंगाला पाडून घ्यायची.

ट्रॅक साफ झाला की झडप सरकवून बघा. जड जातेय, खडखडतेय? खालच्या चाकांची, म्हणजे बेअरिंगची झीज झालीय. तिथे खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालू नका. धूळ चिकटून त्याची राळ होते. सिलिकॉनचा फवारा मारा, नाहीतर साधी मेणबत्ती ट्रॅकवर घासा. चाकं बदलायची तर अख्खी झडप बदलावी लागत नाही. झडपांच्या कडेला लोकरीसारखी केसाळ पट्टी असते, ती वारा आणि पावसाचे तुषार अडवते. ती झिजून टक्कल पडलं असेल तर तीही नवी ओवता येते. काचेभोवतीचं रबर कडक होऊन आखडलं असेल, कोपऱ्यात कमी पडत असेल, तर तेही बदलून घ्या. हे सुटं सामान तालुक्याच्या गावातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दुकानातही सहसा मिळतं. ‘खिडकीच बदला’ म्हणणाऱ्याला आधी हे तीन सामान बदलायला सांगा.

आणि झडपा काढून धुतल्या असतील तर पुन्हा बसवताना आतली-बाहेरची अदलाबदल होऊ देऊ नका. खिडकी बंद केल्यावर मधल्या दोन उभ्या पट्ट्या एकमेकींत अडकायला हव्यात. अडकल्या नाहीत तर मधूनच सरळ पाणी येतं. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला की वाद नको. झडप जड असते, तेव्हा दोघांनी मिळूनच काढायची.

सिलिकॉन: कुठे, कसं, कोणतं

सिलिकॉनची खरी जागा म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यातली बाहेरची फट. बाजूच्या आणि वरच्या. निचऱ्याच्या भोकांवर मात्र नाही. जुनं, सुटलेलं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवं मारू देऊ नका, जुन्यावर नवं धरत नाही. भिंत कोरडी हवी. म्हणूनच हे काम जूनच्या आत, भर पावसात नाही.

दुकानात दोन प्रकार मिळतात. एकाला ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्यातलं आम्ल सिमेंट आणि धातूला मानवत नाही. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि गिलाव्याची भिंत यांच्यासाठी ‘न्यूट्रल’ प्रकारचं, बाहेरच्या वापराचं सिलिकॉन मागायचं. लावल्यावर निदान एक दिवस त्याला पाणी लागू द्यायचं नाही.

फट बोटभर रुंद असेल तर नुसत्या सिलिकॉननं भागत नाही, आधी ती भरून घ्यावी लागते. आणि खिडकीखालच्या कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा उतार आतल्या बाजूला असेल, तर कितीही ट्यूबा रिकाम्या केल्या तरी पाणी आतच येणार. उतार बाहेरच हवा. कडप्पा भिंतीच्या थोडा पुढे आलेला हवा आणि त्याच्या खालच्या अंगाला एक बारीक चर हवा. पाणी त्या चराशी थांबून खाली टपकतं, भिंतीला चिकटून मागे येत नाही. छज्ज्याच्या खालीही असाच चर लागतो. नवं घर बांधत असाल तर या चराचं आत्ताच बोलून ठेवा. गवंडी ते काम थोड्या वेळात करतो, नंतर करायचं तर परांची बांधावी लागते.

घरातला पाऊस

आता चौथा चोर. बाहेर एक थेंब पडत नाही, तरी सकाळी काचेला आणि चौकटीला आतून पाणी सुटलेलं असतं. नाशिक, महाबळेश्वरकडे थंडीत हे हमखास दिसतं. हे पाणी आपणच तयार केलेलं असतं.

गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होते, हे पुष्कळजणींना माहीत नसतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपतो, तोवर नुसत्या ज्वलनातून साधारण २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात आलेलं असतं. भाताची, डाळीची, कुकरची वाफ वेगळी. अंघोळीची वेगळी. आणि पावसाळ्यात घरभर दोऱ्या बांधून वाळत घातलेले कपडे तर वेगळेच. एकदा पिळलेल्या कपड्यांची बादली वजनकाट्यावर ठेवा आणि वाळल्यावर तेच कपडे पुन्हा तोला. जितके किलो कमी भरतील, तितके लिटर पाणी खोलीतल्या हवेत गेलं.

ही वाफ गार जागा शोधते. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून जास्त वेगानं वाहते, म्हणून बाहेर गारवा पडला की चौकट आधी गार होते आणि वाफ तिथेच पाणी होऊन बसते. ए.सी. असेल तर उलटं होतं. हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर साधारण २४ अंशांखालच्या कोणत्याही वस्तूवर दव धरतं. ए.सी. २० वर लावला की काचेच्या बाहेरच्या अंगाला घाम फुटतो तो त्यामुळेच. ती गळती नाही. ए.सी. २५-२६ वर ठेवला की घामही कमी आणि वीजबिलही.

मग करायचं काय? स्वयंपाक करताना आणि अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं एक्झॉस्ट पंखा चालू ठेवायचा. भांड्यांवर झाकणं ठेवायची. कपडे एकाच खोलीत वाळत घालायचे, दार लोटून, पंखा लावून, वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी जरा उघडी ठेवून. पावसाची झड लागली असताना बाहेरची हवाही दमटच असते, तेव्हा सगळ्या खिडक्या सताड उघडून उपयोग नाही. पण उघडीप मिळाली, ऊन पडलं, की हातातलं काम टाकून समोरासमोरच्या खिडक्या उघडा. कपाट, पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, म्हणजे मागे हवा खेळेल. खिडकीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका. चौकटही खराब होते आणि डेंगीच्या डासांचीही सोय होते.

घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी असं म्हणतात. कोकणातल्या आषाढात ते यंत्राशिवाय जमणं कठीण. तिथे एवढाच नेम धरायचा की चौकटीवर, काचेवर, भिंतीवर साचलेलं पाणी दिवसभर राहू द्यायचं नाही. सकाळी चहा उकळेपर्यंत एक सुती फडकं खिडक्यांवरून फिरवायचं. ओली झालेली जागा एक-दोन दिवसांत वाळली तर बुरशीला संधी मिळत नाही.

बुरशी आलीच तर

सुक्या झाडूनं किंवा कुंच्यानं झाडू नका, त्यानं तिची पूड खोलीभर उडते. दम्याचं माणूस, लहान मूल दुसऱ्या खोलीत पाठवा. नाका-तोंडाला मास्क आणि हातात मोजे घाला, खिडकी उघडा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसून जागा कोरडी करा. ओलीचं मूळ बंद न करता वरून रंग लावलात तर पुढच्या श्रावणात पोपडा ठरलेला.

खिडकी धुवायलाही साधं भांड्यांचं साबण, कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. संडास साफ करायचं अ‍ॅसिड, धुण्याचा सोडा, ब्लीच, तारेची घासणी यातलं काहीही अ‍ॅल्युमिनियमला लावू नका, वरचा थर जातो. आणि ब्लीच व अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पंधरा दिवसांतून एकदा गोड्या पाण्यानं चौकटी पुसल्या तरी आयुष्य वाढतं. काचा पुसायला खिडकीच्या कठड्यावर मात्र चढायचं नाही. दिवाळीची साफसफाई जिवापेक्षा मोठी नाही.

बोलायचं आपणच

घर बांधताना खिडकी कुठली, कितीची, हे बहुतेक घरांत मालक आणि ठेकेदार यांच्यात ठरतं. पुसायची, पिळायची, ओलीत झोपलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसायची वेळ आली की मात्र ती आपली. म्हणून कारागीर आला की चहा देऊन आत जाऊ नका, तिथे उभ्या राहा. चार प्रश्न विचारा. निचऱ्याची भोकं कुठे आहेत? स्क्रू स्टीलचे आहेत का? सिलिकॉन न्यूट्रल आहे का? कोटिंग किती मायक्रॉनचं? आणि पैसे देण्याआधी त्याच्यासमोर तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओता. “वहिनी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं,” असं कोणी म्हणालं, तरी पाणी कुठे जातंय ते तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनाच दिसतं.

खिडकीचं वर्षाचं वेळापत्रक

एप्रिल-मे: ट्रॅक व भोकं साफ करणं, तांब्याची चाचणी. रबर, केसाळ पट्टी, चाकं बदलणं. कोरड्या भिंतीत सिलिकॉन. छज्जा आणि बाहेरच्या भिंतीचे तडे बुजवणं.

जून ते सप्टेंबर: रोज सकाळी फडकं. पंधरा दिवसांतून एकदा भोकं तपासणं. उघडीप मिळाली की खिडक्या उघड्या. कपाटामागे आठवड्यातून एकदा डोकावणं.

ऑक्टोबर: ऊन कडक असतं तोवर भिंती पूर्ण वाळवणं. रंगकाम त्यानंतरच. पडदे, जाळ्या धुणं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: सकाळी काचेवरचं दव पुसणं. अंघोळीनंतर पंखा लावणं. कुठे ओल दिसली होती त्याची यादी आणि फोटो जपून ठेवणं, म्हणजे एप्रिलमध्ये कारागिराला नेमकी जागा दाखवता येते.